साथीच्या काळात वाटेवरचा माणूस : वाचकांचे प्रश्न

२०२० च्या उन्हाळ्यात, करोनाच्या टाळेबंदीत, नागपूरवरून पायी गेलेल्या मजुरांबद्दल मागच्या वेळी लिहिलं होतं. पुढची साथ आली तर आपण काय वेगळं करणार, असं शेवटी वाचकांना विचारलं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न आज घेते. बरीच पत्रं एकाच गोष्टीपाशी येऊन थांबतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

आम्ही काही बायकांनी तेव्हा वर्धा रोडवर जेवण वाटलं. सोसायटीतले लोक म्हणायचे, तुम्ही खायला देता म्हणून हे रस्त्यावर येतात; देणं बंद करा, आहेत तिथे थांबतील. आजही हे ऐकावं लागतं. यात काही तथ्य आहे का?
*– एक गृहिणी, मनीषनगर*

नाही, ताई. आणि हे ठामपणे सांगायला हवं, कारण पुढच्या वेळीही पहिला वाद हाच होणार आहे.

२४ मार्च २०२० ला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि चार तासांत देश बंद झाला. रोजंदारीवर जगणाऱ्याचं काम त्या रात्रीच संपलं. पुढच्या दिवसांत ठेकेदार फोन उचलेना, साइटवरची मेस बंद पडली, खोलीचं भाडं अंगावर आलं. २९ मार्चला केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की मजुरांना आहेत तिथेच निवारा आणि अन्न द्या, मालकांनी पगार कापू नये, घरमालकांनी महिनाभर भाडं मागू नये. आदेश योग्य होता, पण असंख्य खोल्यांपर्यंत तो पोचलाच नाही. ज्याच्या खोलीत पीठ संपलं तो निघाला. हैदराबादहून जबलपूरला जायचं असं माणूस ठरवतो, तेव्हा वाटेत नागपूरला कोणी खिचडी देईल या आशेने ठरवत नाही. तो निर्णय मागे, त्याच्या खोलीत झालेला असतो.

मग रस्त्यावरची मदत काढून घेतली, नाक्यावर अडवलं, तर काय होतं? तो आडवाटेला लागतो. ८ मे २०२० ला जालन्याहून भुसावळकडे निघालेले मध्य प्रदेशचे मजूर रेल्वेच्या रुळांवरून चालत होते. गाड्या बंद आहेत या समजुतीने करमाडजवळ रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले. आपल्या उत्तरेला मनसर, देवलापारच्या पुढे महामार्ग पेंचच्या वाघांच्या जंगलातून मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या खवासापर्यंत जातो. तिथे हमरस्ता टाळणं म्हणजे कुठून जाणं, हे नागपूरकराला सांगायला नको. हमरस्त्यावर असेपर्यंत तो आपल्याला दिसतो, त्याला पाणी देता येतं, बसमध्ये बसवता येतं.

सोसायटीतल्या मंडळींना मजुरांनी खरोखर थांबावं असं वाटत असेल, तर त्यांना सांगा की थांबायला तीन गोष्टी लागतात: घरात तीन आठवड्यांचा शिधा, भाड्याला मुदत, आणि गाडी कधी सुटणार याची खरी माहिती. ही मदत हिंगणा, बुटीबोरी, कळमन्याच्या खोल्यांत पहिल्या आठवड्यातच पोचवावी लागते. तीही तुमच्या गटाने करावी असं मला वाटतं. पण जो निघून आला आहे त्याला जेवण देणं थांबवू नका.

आमचं मंडळ कामठीत आहे. उन्हाळ्यात प्याऊ लावतोच. पुन्हा तशी वेळ आली तर हायवेवर मदतीचा तळ लावायचा आहे. काय काय ठेवावं? साथ पसरू नये म्हणून काय करावं?
*– मंडळाचा एक कार्यकर्ता, कामठी*

याचं उत्तर लांब देते, कारण प्याऊ लावायची सवय असलेली माणसंच हे काम नीट करू शकतात.

आधी जागा. माणसं आपणहून जिथे टेकतात तिथे जा: टोलनाका, पुलाखालची सावली, बंद ढाबा. २०२० मध्ये पांजरी टोलनाक्यावर नागपूरकरांनी जो तळ उभा केला, त्याची जागा म्हणूनच बरोबर होती. शक्य असेल तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टेबल लावा. थकलेल्या माणसाला पाण्यासाठी चौपदरी रस्ता ओलांडायला लावू नका, विशेषतः अंधारात.

मग वेळ. मे महिन्यात चालणारा माणूस रात्री आणि पहाटे चालतो. त्या वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात आपल्याकडे पारा ४६ अंशांच्या पुढे गेला होता. तुमचा तळ सकाळी अकराला सुरू होऊन चारला बंद होत असेल, तर चालणारे निघून गेलेले असतील. पहाटे चार ते दहा आणि संध्याकाळनंतर जेवण-पाणी, दुपारी फक्त सावली, चटया आणि झोप. दुपारी कोणी निघायला लागला तर ऊन उतरेपर्यंत बसवून घ्या. माझ्या मते जेवणाइतकंच हेही महत्त्वाचं.

पाणी तोटीच्या कॅनमधून किंवा तोटीच्या माठातून द्या, ग्लास बुडवून नको. दिवसभर घाम गाळलेल्या माणसाला नुसतं पाणी पाजत राहिलं तर अंगातलं मीठ कमी होऊन चक्कर, उलट्या सुरू होतात. जलसंजीवनीची पाकिटं ठेवा. संपली तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. अंदाजाने मूठभर मीठ घालू नका, ते लहान मुलांना घातक ठरतं.

खिचडी, पोळी-भाजी तिथे बसून खायला छान. सोबत बांधून देताना मात्र भात देऊ नका, आपल्या उन्हात तो काही तासांत आंबतो. गूळ-फुटाणे, मुरमुरे, शेंगदाण्याचे लाडू द्या. उत्तर प्रदेश-बिहारकडच्या माणसांना सातू द्या. पाण्यात कालवला की जेवण झालं, आणि तो त्यांच्या घरचा घास आहे. कित्येक दिवस उपाशी असलेल्याला एकदम पोटभर वाढू नका, थोडं थोडं वाढा.

पायांकडे लक्ष द्या. टबात पाणी, साबण, निर्जंतुक पट्ट्या, जंतुनाशक मलम. लहान फोड फोडायचे नाहीत, झाकायचे. चपला सगळ्या मापांच्या हव्यात. पोरांची मापं नेहमी कमी पडतात.

बायकांसाठी दिवा असलेलं, कडी लागणारं स्वच्छतागृह आणि सॅनिटरी पॅड. जायला जागा नाही म्हणून बाया पाणीच पीत नाहीत आणि उन्हाचा पहिला फटका त्यांना बसतो. पुरुष कार्यकर्त्यांच्या हे सहसा लक्षात येत नाही, म्हणून तळावर प्रत्येक पाळीला दोन तरी बायका असू द्या.

कोणी बरळायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, अंग चटका बसेल इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरी. सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतत राहा आणि वारा घाला. मान, काखा आणि जांघेत ओले पंचे किंवा बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका. एकाने १०८ ला फोन करायचा, बाकीच्यांनी गाडी येईपर्यंत अंग थंड करत राहायचं. इथे मिनिटांचा फरक पडतो.

साथीचं म्हणाल, तर तळ उघड्यावर ठेवा, हात धुवायला भरपूर पाणी आणि साबण ठेवा, वाढणाऱ्यांनी मास्क लावावा, रांगेत अंतर ठेवावं. ताप-खोकला असलेल्याला वेगळ्या सावलीत बसवा आणि आधी जेवण द्या, मग तपासणीचं बोला. उलटं केलंत तर पुढचा आजारी माणूस तुमच्या तळावर थांबणारच नाही. नाव, गाव, आधार कार्ड या अटीवर काहीही देऊ नका. आणि वाटप करताना फोटो काढू नका, देणगीदारांनी मागितले तरी.

माझे तीन ट्रक आहेत. तेव्हा ड्रायव्हरांनी अनेकांना मागे बसवून आणलं. पुण्य की गुन्हा, अजून कळत नाही.
*– एक वाहतूक व्यावसायिक, वाडी*

तुमच्या ड्रायव्हरांनी माणुसकी दाखवली, यात शंका नाही. तरीही मालाच्या ट्रकमध्ये माणसं नेणं टाळायलाच हवं, आणि यात कायद्याच्या कलमापेक्षा जीव मोठा आहे. १६ मे २०२० ला उत्तर प्रदेशात औरैयाजवळ मजूर बसलेल्या गाडीची धडक होऊन चोवीसहून अधिक माणसं गेली. त्याच महिन्यात इंदूरजवळ पोलिसांनी सिमेंट कालवायच्या मिक्सरच्या टाकीतून १८ जणांना बाहेर काढलं. टाळेबंदी जाहीर झाली त्याच दिवशी तिकडे आफ्रिकेत, मोझांबिकच्या तेते प्रांतात, ट्रकवरच्या बंद कंटेनरमध्ये गुदमरलेल्या ६४ जणांचे मृतदेह सापडले. ते इथिओपियाहून आलेले स्थलांतरित होते. बंद टाकी, बंद कंटेनर, ताडपत्रीखालची जागा यांत हवा नसते आणि साथही तिथेच सगळ्यांत झपाट्याने पसरते.

अगदीच बाका प्रसंग असेल तर बायका-मुलांना आणि जखमींना जवळच्या तळापर्यंत किंवा दवाखान्यापर्यंत सोडा. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चं संरक्षण आहे. नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही. हे तुमच्या ड्रायव्हरांना नक्की सांगा, भीतीपोटी पुष्कळ जण जखमीला ओलांडून जातात.

आणि तुमच्या संघटनेची ताकद असेल तर बससाठी आवाज उठवा. मे २०२० मध्ये एसटीने मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत फुकट सोडलं. ते एप्रिलमध्येच सुरू व्हायला हवं होतं.

बाहेरून येणाऱ्यांवर औषध फवारल्याशिवाय वस्तीत घेऊ नये, असा आमच्या भागातल्या काहींचा आग्रह होता. बरोबर आहे का?
*– एक वाचक, दिघोरी*

अजिबात नाही. मार्च २०२० मध्ये बरेलीत परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्यावर जंतुनाशक फवारलं गेलं, त्यात मुलंही होती. पुढे एप्रिलमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने स्पष्ट सांगितलं की माणसांवर असं फवारू नये. शरीरात गेलेला विषाणू त्याने मरत नाही. डोळे, कातडी आणि श्वासनलिका मात्र भाजते. आंघोळीला पाणी, साबण आणि धुतलेले कपडे द्या.

मी भंडारा जिल्ह्यातली, नागपुरात धुणीभांडी करते. आमच्याकडची माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात. तेव्हा माझ्या भावाचा पंधरा दिवस पत्ता नव्हता. अशा वेळी शोध कसा घ्यायचा?
*– एक बहीण, नंदनवन*

तुमचा भाऊ परत आला असं पत्रात पुढे लिहिलं आहे, वाचून बरं वाटलं. सगळ्यांचं नशीब तसं नव्हतं. एप्रिल २०२० मध्ये मिरचीच्या शेतांवरून छत्तीसगडला पायी निघालेली एक मुलगी घर जवळ आलं असताना वाटेतच गेली. नागपूरहून तमिळनाडूकडे निघालेला एक तरुण सिकंदराबादच्या निवाऱ्यात कोसळला.

शोधाची तयारी माणूस गाव सोडतो तेव्हाच करावी लागते. मोबाइलची बॅटरी संपली की पाठ नसलेले नंबर गेले. म्हणून दोन नंबर, घरचा एक आणि गावातला एक, कागदावर लिहून कपड्याच्या आतल्या खिशात ठेवायला सांगा. मुकादमाचं पूर्ण नाव, त्याचा नंबर, शेत कोणत्या गावात आणि कोणत्या जिल्ह्यात आहे, सोबत कोण कोण गेलं, हे सगळं घरी वहीत लिहून ठेवा. ग्रामपंचायतीतही नोंद करायला लावा. ई-श्रम कार्ड, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी नोंदणीचं कार्ड, काढून घ्या. ते पोर्टल ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालं. रेशन कार्ड आता देशात कुठेही चालतं, त्यामुळे अडकलेला माणूस तेलंगणातही आपलं धान्य उचलू शकतो.

संपर्क तुटलाच तर आधी सोबत गेलेल्यांच्या घरी विचारा, मग पोलीस ठाण्यात हरवल्याची तक्रार द्या. जो जिल्हा शेवटचा माहीत आहे तिथल्या जिल्हाधिकारी कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला फोन लावा, कारण निवाऱ्यांच्या याद्या तिथे असतात. मूल असेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन. ताटातूट झालेल्या कुटुंबांची गाठ घालून देण्याचं काम रेड क्रॉस जगभर करते. देशाबाहेर गेलेल्या माणसासाठी हा मार्ग विशेष उपयोगी आहे. तळ चालवणाऱ्यांनाही सांगते, फोन चार्ज करायला एक लांब बोर्ड ठेवा आणि एक फोन घरी बोलायला मोकळा ठेवा.

जगात इतर ठिकाणीही लोक जिवावर उदार होऊन प्रवास करतात. साथीत तिथे काय झालं, आणि नागपूरने त्यातून काय घ्यावं?
*– समाजकार्याची एक विद्यार्थिनी*

साथीत बहुतेक देशांनी आधी दारं लावली. एप्रिल २०२० मध्ये इटलीने आपली बंदरं साथीमुळे सुरक्षित नाहीत असं जाहीर केलं, तेव्हाही भूमध्य समुद्रात होड्या निघतच होत्या. मलेशियाने परतवलेली रोहिंग्यांची एक बोट जवळपास दोन महिने समुद्रात भरकटली. त्याच एप्रिलमध्ये बांगलादेशच्या तटरक्षक दलाने तिच्यातल्या सुमारे चारशे जणांना किनाऱ्यावर आणलं, तेव्हा अनेक जण उपासमारीने आधीच गेले होते. कोलंबिया आणि पनामाच्या मधलं दारिएनचं जंगल २०२१ मध्ये सव्वा लाखाहून जास्त माणसांनी ओलांडलं. दार लावल्याने प्रवास थांबला नाही, हेच सगळीकडे दिसतं.

उपयोगी पडलं ते रेड क्रॉस आणि रेड क्रिसेंटचं एक साधं काम. अशा वाटांवर ते सेवा केंद्रं चालवतात: पाणी, प्रथमोपचार, घरी फोन, पुढच्या वाटेची माहिती. तुम्ही कोण, कागद आहेत का, हे तिथे विचारत नाहीत, आणि तिथे आलेल्या माणसाला पकडलं जाणार नाही हा भरवसा असतो. भरवसा नसेल तर केंद्र रिकामं राहतं.

नागपूर हे देशाच्या उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम वाटांचा चौरस्ता आहे, महामार्ग ४४ आणि ५३ इथेच भेटतात. म्हणून जिल्ह्याच्या आपत्ती आराखड्यात वाटा लिहिलेल्या हव्यात: खवासाकडची, देवरीकडची, पांढरकवड्याकडची, सावनेर-पांढुर्ण्याकडची, अमरावतीकडची. प्रत्येक वाटेवर तळ कुठे लागेल, टँकर कोणाचा, बस कोणत्या आगाराची, रुग्णवाहिका कुठे उभी राहील आणि पलीकडच्या राज्यातल्या कोणत्या अधिकाऱ्याला फोन जाईल, हे साथ नसताना ठरवायचं. सीमेवर माणसं उतरवून बस परत फिरते आणि पलीकडे दुसरी बस नसते, हा अनुभव घेऊन झाला आहे. २८ मे २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मजुरांकडून भाडं घेऊ नये आणि त्यांच्या जेवणा-पाण्याची सोय करावी. टाळेबंदीला तेव्हा दोन महिने होऊन गेले होते. तुम्ही अभ्यासाचा विषय शोधत असाल तर हाच घ्या: आपल्या जिल्ह्याच्या आराखड्यात चालणाऱ्या माणसाचं नाव आहे का, ते तपासा.

ओळखपत्र नसलेल्याला लस मिळते का? आमच्या उड्डाणपुलाखाली काही कुटुंबं राहतात.
*– एक निवृत्त शिक्षक, सदर*

करोनाच्या वेळी मिळत होती. ६ मे २०२१ ला केंद्राने ओळखपत्र नसलेल्यांसाठी वेगळी पद्धत ठरवली होती. भटक्या कुटुंबांसारख्या लोकांना ओळखणारा एक मदतनीस नेमून त्यांची नोंद करायची, अशी. सर, तुम्ही त्या कुटुंबांना ओळखता. पुन्हा वेळ आली तर महापालिकेच्या झोन कार्यालयात जाऊन, या लोकांना मी ओळखतो आणि तो मदतनीस मी होतो, असं लेखी द्या. यादी आत्ताच करून ठेवली तर आणखी बरं: किती माणसं, मुलं किती, गरोदर कोण, मूळ गाव कुठलं. ती तुमच्याजवळच राहू द्या, त्यांना विचारल्याशिवाय कोणाला देऊ नका.