तिच्या हातात काय देतात ते बघ

पोरी,

तीन माहितीपत्रकांचे फोटो मिळाले, आणि रात्री पावणेबाराचा तो मेसेजही. "बाई, आईला शब्द दिलाय की मुलींच्याच शाळेत घालीन. पण कुठल्या?" निफाडकडून सातवी होऊन नाशकात येणारी तुझी धाकटी बहीण, इंदिरानगरची तुझी एक खोली, सातपूरची नोकरी, हे सगळं धरूनच लिहितेय. तिला शिकवायचं का, हा प्रश्न आपल्या दोघींत नाही. तेव्हा त्या भाषणाची गरज नाही.

तिन्ही पत्रकांत पहिल्याच पानावर दहावीचा निकाल आहे. ते पान उलटून टाक. निकालाच्या फळ्याकडे बघून मुलींना शाळा सुचवण्याची चूक मी बरीच वर्षं केली आहे, त्यामुळे या बाबतीत माझा आवाज चढतो, चढू दे. तुला एकच गोष्ट बघायची आहे: शाळा तिच्या हातात काय देते. मुलींच्या शाळेचा खरा फायदा तोच. वर्गात मुलगे नाहीत, म्हणजे बाकं हलवणं, प्रोजेक्टर जोडणं, मैदानावर चुना टाकून रेषा आखणं, परिपाठाला माइक लावणं हे सगळं आपोआप मुलींकडे यायला हवं. तिथे "मुलींनी नको, शिपाईकाका करतील" असं चालत असेल, तर ती मुलींची शाळा नाही. उंच भिंतीची शाळा आहे.

आता कागद. यात चूक झाली तर बाकीचं सगळं वाया.

गंगापूर रोडच्या शाळेने "सीबीएसई पॅटर्न" असं छापलंय. पॅटर्न म्हणजे संलग्नता, म्हणजे त्या मंडळाशी अधिकृत जोडणी, नव्हे. संलग्नता असेल तर सात अंकी क्रमांक असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा ११३ ने सुरू होतो, आणि तो मंडळाच्या संकेतस्थळावर सापडतो. नसेल, तर दहावीचा फॉर्म कुठून भरणार हे लेखी माग. राज्य मंडळाची शाळा असेल तर दोन गोष्टी विचार: मान्यता दहावीपर्यंत आहे की आठवीपर्यंतच, आणि मंडळाचा इंडेक्स नंबर, म्हणजे मंडळाकडचा शाळेचा नोंदणी क्रमांक, मिळाला आहे का. "नववीची मान्यता येतेच आहे" हे उत्तर आलं की उठायचं. यु-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक, अकरा अंकी, २७ ने सुरू होणारा. तोही वहीत लिहून घे.

जुन्या नाशकातल्या त्या कन्या शाळेबद्दल एक गोष्ट तुला कुणी सांगितलेली दिसत नाही. एकाच इमारतीत अनुदानित (सरकारी अनुदानावर चालणाऱ्या) आणि स्वयंअर्थसहाय्यित (पालकांच्या फीवर चालणाऱ्या) अशा दोन्ही तुकड्या असू शकतात. फाटक एक, गणवेश एक, पावती वेगळी. अनुदानित तुकडीत मुलींना बारावीपर्यंत शिक्षणशुल्क नाही. म्हणून पहिला प्रश्न हाच: आठवीच्या कुठल्या तुकडीत जागा आहे? अनुदानितमध्ये असेल तर आधी ती. पैसे भरले की शाळा बरी असते, हा समज घेऊन जाऊ नकोस. स्वयंअर्थसहाय्यित तुकडी म्हणजे वाईट, असंही नाही. फक्त आपण पैसे कशाचे देतोय ते माहीत हवं.

फीचं बोलू. "पंचवीस टक्क्यांत बसेल का" असं विचारलंस, म्हणजे शिक्षणहक्क कायद्यातल्या राखीव जागांत. नाही बसणार, ते राखीव प्रवेश पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशवर्गासाठी असतात. पण त्याच २००९ च्या कायद्याने आठवीपर्यंतच्या प्रवेशासाठी मुलीची परीक्षा किंवा मुलाखत घ्यायला बंदी आहे, देणगी मागायलाही. "फक्त लेव्हल बघतो" म्हणाले तरी ती चाचणीच. फी ठरवण्याचा राज्याचा कायदा २०११ चा. व्यवस्थापनाने मांडलेली फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे जाते, आणि मान्य झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. या समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात. त्यामुळे कार्यालयात "फी किती" असं विचारू नकोस. "समितीने मान्य केलेलं शुल्कपत्रक दाखवा" असं म्हण. पत्रक दाखवणारी शाळा आणि कोऱ्या कागदावर पेनाने आकडा लिहून देणारी शाळा यातला फरक तुला तिथेच कळेल. बस, गणवेश, पुस्तकं, सहल हे वेगळं लिहून घे आणि दहावीपर्यंत तीन वर्षांची बेरीज कर. एका वर्षाची बेरीज नेहमी परवडते.

माध्यमाबद्दल माझं मत ठाम आहे. जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलीला आठवीत पूर्ण इंग्रजीत ढकलू नकोस. सेमी घे, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. सेमीतही पहिले तीन-चार महिने जड जातात, कारण तिला लसावि माहीत असतो, एलसीएम नसतो. बालभारतीच्या संकेतस्थळावर सातवीचं इंग्रजी माध्यमाचं गणित फुकट उतरवता येतं. मे महिन्यात रोज दोन पानं, दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून. पाठांतर नको, शब्दांच्या जोड्या तिने स्वतःच्या वहीत लिहायच्या. तिच्या हाताने. तू लिहून देऊ नकोस.

आता मुख्य जागा, प्रयोगशाळा. इथे घाई केलीस तर मला राग येईल. दार उघडून दाखवतील, कपाटं चकचकीत असतील. चकचकीतपणाचं काही नाही. टेबलावर आम्लाचे डाग, बर्नरचे काळे ठिपके, बाटल्यांवर पुसट झालेली लेबलं दिसली तर बरं वाटू दे. ब्युरेटची, म्हणजे द्रव मोजून सोडायच्या काचेच्या नळीची, तोटी फिरवून बघ, अडकली असेल तर ती वापरात नाही. मायक्रोस्कोप प्लॅस्टिकच्या पिशवीत असतील, तर कांद्याचा पापुद्रा मुलींनी फळ्यावरच बघितलाय. आणि सगळ्यात सोपी कसोटी: नववीच्या दोन मुलींच्या प्रयोगवह्या माग आणि ओहमच्या नियमाच्या प्रयोगाचा, म्हणजे विद्युतदाब आणि धारेच्या मोजमापांचा, तक्ता शेजारी शेजारी धर. दोघींची वाचनं दशांशापर्यंत तंतोतंत जुळली, तर प्रयोग झालेलाच नाही. बाईंनी फळ्यावर आकडे लिहिले, पोरींनी उतरवले. खऱ्या वाचनांत थोडा फरक पडतो, एखादी खाडाखोड असते. खाडाखोडीची वही दाखवायला जी शाळा लाजत नाही, ती मला आवडते. लोक म्हणतात, बाईंचं हे खूळ आहे. असेल. पण दहावीला नव्वदच्या वर गुण घेतलेल्या आणि वायर सोलायला घाबरणाऱ्या मुली आपण घडवल्या, आणि त्यात माझाही वाटा आहे.

मैदानाचंही तेच. खो-खोचं मैदान सत्तावीस मीटर बाय सोळा. तेवढी मोकळी जमीन आहे का, आणि त्यावर शिक्षकांच्या गाड्या उभ्या असतात का, ते बघ. धावपटू कविता राऊतच्या जिल्ह्यात मुलींच्या शाळेने "जागा नाही हो" म्हणावं, हे मला पटत नाही.

स्वच्छतागृहात स्वतः जा. तळमजल्यावरचं दाखवतील, तू वरच्या मजल्यावर जा, दुपारी, आणि नळ सोडून बघ. मग हिशेब कर. समजा मुली ६००, संडास ८, मधली सुट्टी २० मिनिटांची. निम्म्या मुली गेल्या तरी एका दारामागे अडतीस जणी. एकीला एक मिनिट धरलं तरी सुट्टी संपून जाते. मग मुली पाणी पिणं सोडतात, आणि जळजळ घेऊन डॉक्टरकडे जातात. आतून कडी लागते का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, आणि तो रोज कोण रिकामा करतं, तेही विचार.

सुरक्षेचा धसका तू घेतलायस, तो खोटा नाही. कॅमेरे मोजून मात्र परत येऊ नकोस. सखी सावित्री समितीत, म्हणजे शाळेतल्या मुलींच्या सुरक्षेसाठीच्या समितीत, कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली, तक्रारपेटीची किल्ली कुणाकडे असते, आणि शिपायापासून बसचालकापर्यंत पोलीस पडताळणी झाली आहे का, हे चार प्रश्न विचार. उत्तर पर्यवेक्षिकांना तोंडपाठ असेल तर ठीक. "असेल ना, बघून सांगते" म्हणाल्या तर त्यांनी बघितलेलं नाही. बसमध्ये मुली असतील तर महिला मदतनीस हवी, असा नियम आहे. बस सुटताना फाटकाशी उभी राहून ती खरंच चढते का बघ.

अंतर नकाशावर मोजू नकोस. इंदिरानगरहून गंगापूर रोड म्हणजे वाटेत मुंबई नाका, त्र्यंबक नाका, आणि २०२७ च्या सिंहस्थासाठी खणलेले रस्ते. शाळा सुटायच्या वेळी एकदा सिटीलिंकच्या बसने, एकदा रिक्षाने जाऊन घड्याळ लाव. एका बाजूला चाळीस मिनिटांच्या वर जात असेल, तर पाथर्डी फाट्याकडची शाळा आधी बघ. दमून आलेल्या मुलीच्या हातात तू काहीही दिलंस तरी ते खाली पडतं.

प्रवेश ठरला की गावच्या गुरुजींकडून शाळा सोडल्याचा दाखला घेताना नाव, जन्मतारीख आणि जातीची नोंद आधारशी ताडून बघ. चूक असेल तर ती जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरलाच दुरुस्त होते, नंतर फार फिरावं लागतं. ऑनलाइन नोंदीतूनही त्यांनी तिला सोडलं पाहिजे, नाहीतर नवी शाळा तिला घेऊ शकत नाही. मेच्या सुट्टीत गुरुजी सापडत नाहीत, एप्रिलमध्येच उरक.

बुधवारी अर्धी रजा टाक. शनिवारी नको, सकाळची शाळा असते आणि सगळे आवराआवरीत असतात. धाकटीला बरोबर ने. प्रयोगशाळेत तिला मायक्रोस्कोपला हात लावावासा वाटेल, लावू दे, आणि बाई काय म्हणतात ते ऐक. तिन्ही शाळांची उत्तरं एकाच वहीत लिही. शुक्रवारी फोन कर, पण नऊच्या आत.

तुझ्या,
बाई