पुरात म्हैस वाहून गेली, सापडलीच नाही, तर सरकारी मदत मिळते का आणि किती?

मिळायला पाहिजे. पण मेलेलं जनावर समोर असलं की पंचनामा लगेच होतो, वाहून गेलेलीचं काय होतं ते माझ्याकडूनच ऐका.

आमचं गाव कृष्णाकाठी, पलूस तालुक्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा दादाला म्हटलं जनावरं माळावर नेऊया. तर म्हणाला, "पाच सालचा पूर आपल्या गोठ्याच्या पायरीला शिवला नाही, हा काय शिवतोय." सगळं गाव तेच धरून बसलं होतं. २००५ ला सांगलीत आयर्विन पुलाला पाणी ५४ फुटांच्या आत राहिलं होतं, ह्या खेपेला ५७ च्या वर गेलं. पहाटे गोठ्यात गेलो तर छातीएवढं पाणी, तीन म्हशी दाव्याला ओढ देत ओरडतायत, विळा घरात, तो आणण्यातच वेळ गेला. दोघींची दावी कापली, तिसरी आतल्या कोपऱ्यात होती, तिच्यापर्यंत पोचताच आलं नाही. सोडलेल्या दोघींतली एक तीन दिवसांनी खालच्या गावाच्या माळावर सापडली. दुसरी गेली ती गेलीच.

दाव्याला मेली तिचे तेव्हाच्या दराने ३०,००० खात्यावर आले. गेली तिच्यासाठी डेअरीचं पुस्तक दाखवलं, शेजाऱ्यांच्या सह्या दिल्या, चार-पाच हेलपाटे घातले, यादीत नाव आलंच नाही. आणि दादा अजूनही पाहुण्यांसमोर सांगतो, "ह्यानं दावी कापली म्हणून साठ हजार बुडाले." म्हणजे तिन्ही मरू द्यायच्या होत्या का? जी वाचली तिनं पुढं तीन वेतं दिली, तिची रेडी आज गोठ्यात दुधाला आहे. तीस हजारात त्या वेळी चांगली दुभती म्हस बाजारात कोण देत होतं? ही मदत आहे, म्हशीची किंमत नव्हे, एवढं तरी लोकांनी समजून घ्यावं.

आता तुमचं. २०२२ ते २६ च्या दराने दुभत्या गाई-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, वासराला २०,०००, शेळी-मेंढीला ४,०००. पूर्वी तीनच मोठ्या दुभत्या जनावरांपर्यंत मिळायचं, २०२५ च्या मराठवाडा-सोलापूरच्या पुरानंतर राज्याने ती अट काढली. तलाठी आणि सरकारी पशुवैद्यकाला त्याच दिवशी कळवा, पोलीस पाटलाला पंचनाम्यात घ्या, दुधाची बिलं आणि गोठ्यातले जुने फोटो काढून ठेवा. कानात ओळख नंबराचा बिल्ला होता ना? जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय भरपाई नाही असा नियम आहे. आमचा दादा कानाला भोक पाडलं की दूध आटतं म्हणायचा, आता स्वतः लाईनीत उभा असतो.

हां, वरचे दर बदलले असतील तर तहसीलला विचारून घ्या. आणि माझं नाकारलं म्हणून तुमचंही नाकारतील असं नाही, अर्ज कराच, पोच घ्या.

आणि पावसाळ्यात विळा गोठ्याच्या दारातच अडकवून ठेवा. आमचा चुलीपाशी होता.