गुडघेदुखीसाठी वडिलांना डायक्लोफिनॅक दिलंय. ऐन उन्हाळ्यात शेतात काम करताना ते कसं घ्यावं?

वडील रावेरकडे केळीच्या बागेत राबतात, म्हणजे पहाटे नुसत्या चहावर गोळी टाकून शेत गाठत असणार. ते आधी थांबवा. कळण्याची अर्धी भाकरी तरी पोटात गेली पाहिजे, मगच गोळी.

मला जास्त काळजी उन्हाची वाटते. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांना टेकतो. घामाने अंगातलं पाणी कमी झालं की किडनीचा रक्तपुरवठा टिकवायला शरीर जी रसायनं वापरतं, नेमकी तीच ही गोळी कमी करते. त्यात बीपीची टेल्मिसार्टन किंवा लघवी होण्याची गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो, म्हणून सगळ्या गोळ्यांची पाकिटं डॉक्टरांना दाखवाच. पूर्वी अल्सर किंवा हार्टचा त्रास झाला असेल तर तेही सांगा. जुलाब-उलट्या लागल्या तर पुढची गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

दुखणं वाढलं म्हणून मेडिकलवरून कॉम्बिफ्लाम आणून वर देऊ नका. त्यातलं आयबुप्रोफेन याच जातीचं औषध आहे.

शौचाला डांबरासारखी काळी झाली, लघवी कमी झाली किंवा पाय सुजले, तर गोळी बंद आणि त्याच दिवशी दवाखाना.