वाचकांचे प्रश्न : झिरकोनियाची कॅप फुटत का नाही?

प्रश्न : आईच्या दाढेचं रूट कॅनाल झालंय. डॉक्टर झिरकोनियाची कॅप सुचवतात. झिरकोनिया म्हणजे सिरॅमिकच ना? मग ती कपबशीसारखी फुटणार नाही? आणि सतत ओली राहून खराब होणार नाही का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सिरॅमिकच आहे, आणि तुमच्या दोन्ही शंका रास्त आहेत. माझी सगळी नोकरी सिरॅमिकच्या प्रयोगशाळेत गेली आणि झिरकोनियाइतका जीव मला दुसऱ्या कुठल्याच पदार्थाने लावला नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते.

शुद्ध झिरकोनियाची भुकटी दाबून वडी करा आणि १५०० अंश सेल्सिअसला भाजा. भट्टीत असेपर्यंत ती धडधाकट असते. घात होतो थंड होताना. तापमान हजार अंशांच्या आसपास उतरलं की तिच्यातले अणू आपली चौकटी मांडणी सोडून तिरकी मांडणी घेतात आणि आकारमान चार-पाच टक्क्यांनी वाढतं. इतक्या कडक पदार्थाला आतल्या आत फुगायला जागा कुठून मिळणार? भट्टीचं दार उघडावं तर वडीच्या जागी तुकडे.

यावर इलाज म्हणजे भुकटीत थोडं यट्रियम ऑक्साइड मिसळायचं, रेणूंच्या हिशेबाने शेकडा तीनच्या आसपास, आणि कण अर्ध्या मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आत ठेवायचे. मग गरम असतानाची मांडणी थंड झाल्यावरही टिकते. प्रत्येक कणाला फुगायचं असतं, पण शेजारचे कण त्याला आवळून धरतात.

आता आईने सुपारी फोडली आणि कॅपमध्ये बारीकसा तडा गेला असं समजा. तड्याच्या टोकाशी पदार्थ ताणला जातो, तिथली पकड सैल होते आणि नेमके तिथलेच कण मांडणी बदलून फुगतात. ते तड्याला दोन्ही अंगांनी दाबतात आणि त्याची वाट अडते. वडीचे तुकडे करणारी फुगवटच इथे कॅप वाचवते! गार्वी, हॅनिंक आणि पॅस्को या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९७५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानविषयक नियतकालिकात हे मांडलं. त्यांनी यट्रियमऐवजी कॅल्शियम ऑक्साइड वापरलं होतं. लेखाचं शीर्षक होतं ‘सिरॅमिक पोलाद?’ पोलादाइतकी चिवट ती नाही, पण कपबशीशी तिची बरोबरीच नको.

ओलाव्याचं भय मात्र खोटं नाही. पाण्याच्या संपर्काने पृष्ठभागावरचे कण तडा नसतानाही हळूहळू मांडणी बदलतात. २००१ मध्ये एका फ्रेंच कंपनीला कृत्रिम खुब्यांचे झिरकोनियाचे गोळे बाजारातून परत घ्यावे लागले. भाजण्याची भट्टी बदलल्यानंतरच्या काही खेपांतले गोळे रुग्णांच्या शरीरातच फुटत होते. माणसांना पुन्हा शस्त्रक्रियेला सामोरं जावं लागलं, याचं मला आजही वाईट वाटतं. भाजण्यात एवढीशी हयगय चालत नाही ती यासाठीच. नीट भाजलेल्या कॅपमध्ये ही क्रिया तोंडाच्या तापमानाला अतिशय सावकाश चालते, तेव्हा आईंना कॅप खुशाल बसवून घ्या.

फक्त एक बघा. कॅप उंच लागली तर डॉक्टर ती तिथेच घासतात. घासल्यावर खरखरीत राहिलेली जागा समोरच्या दाताला झिजवते. ती पुन्हा गुळगुळीत पॉलिश करून द्या, असं डॉक्टरांना आवर्जून सांगा.