घटपर्णीचे पान बिघडले तर आधी काय पाहावे

घटपर्णी ही किडे खाणारी वनस्पती; तिच्या पानाच्या टोकाच्या तंतूला किडे पकडणारा घट लागतो. तिची खालची एक-दोन पाने पिवळी पडून वाळत असतील तर घाबरू नका. जुनी पाने अशीच जातात, आणि जुना घटही झाकणाकडून खाली तपकिरी होत सुकतो. निदान करायचे ते शेंड्याच्या नव्या पानावरून.

नवे पान वेडेवाकडे येत असेल, तर बेचक्यात पिठ्या ढेकणाचा (रस शोषणाऱ्या किडीचा) पांढरा कापूस आहे का, हे भिंगाने पाहा. उन्हाच्या बाजूलाच कोरडे, करडे चट्टे असतील तर पान भाजले आहे. नुसती तांबूस झाक मात्र भरपूर उजेडाची खूण असते. पान निरोगी, पण टोकाचा तंतू घट न धरताच वाळतो, तेव्हा बहुधा उजेड किंवा हवेतला ओलावा कमी पडतो, आणि गोव्यात हे पावसाळ्यापेक्षा हिवाळ्यातल्या कोरड्या वाऱ्यात अधिक दिसते. प्रत्येक पान आधीच्यापेक्षा लहान होत असेल, तर रोपाची जात विचारा: बोर्निओतल्या किनाबालू पर्वताच्या उंचीवरल्या नेपेंथिस व्हिलोसा या घटपर्णीच्या जातीला आपल्याकडच्या उबदार रात्री मानवत नाहीत.

नवशिक्यांकडून खरी हानी होते ती घाईच्या उपचारांनी:
- पान पिवळे दिसताच शेणखत घालणे
- चिऱ्याची लाल माती वापरणे. नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे आणि स्फॅग्नम शेवाळ पुरे
- कुंडी सतत पाण्यात उभी ठेवणे, ज्याने मुळे कुजतात

पाणी शक्यतो साठवलेले पावसाचेच द्या. एका वेळी एकच बदल करा आणि पुढची दोन पाने उलगडेपर्यंत थांबा.