एफएचआयटी : नाजूक, ठिसूळ की भंगप्रवण?

प्रश्न असा आला आहे : एफएचआयटी या मानवी जनुकाचं पूर्ण नाव 'फ्रॅजाइल हिस्टिडीन ट्रायड'. मराठी लेखात त्याला 'नाजूक हिस्टिडीन त्रिक' म्हटलं तर चालेल का?

नको. यातलं 'फ्रॅजाइल' हे हिस्टिडीन या अमिनो आम्लाचं विशेषणच नाही. त्रिक आहे ते प्रथिनातलं : तीन हिस्टिडीन, दर दोहोंच्या मध्ये एकेक वेगळं अमिनो आम्ल. त्यात नाजूक काही नाही. या घराण्यातली प्रथिनं जिवाणूंपासून माणसापर्यंत टिकून आहेत. 'फ्रॅजाइल' आलं जनुकाच्या पत्त्यावरून. तिसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर एफआरए३बी नावाची, ताण आला की तुटू शकणारी ('फ्रॅजाइल') जागा आहे आणि हे जनुक तिच्यावरच पसरलेलं आहे. १९९६ साली ते उजेडात आलं तेव्हा जागेचा गुण आणि प्रथिनाची ठेवण, दोन्ही एकाच नावात बसवले गेले.

मग त्या जागेला काय म्हणावं? 'भंगुर' म्हटलं की क्षणभंगुर आठवतं. 'ठिसूळ' बराच जवळचा, पण हाडं ठिसूळ झाली म्हणताना काहीतरी बिघडल्याची सूचना त्यात असतेच. एफआरए३बी तर निरोगी माणसातही असते आणि एरवी धडधाकट दिसते. प्रयोगशाळेत पेशींना थोडं अ‍ॅफिडिकोलिन हे नक्कल मंदावणारं रसायन दिलं, डीएनएची नक्कल रेंगाळली, की सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रावर तिथेच फट दिसते. प्रथिन अवघं १४७ अमिनो आम्लांचं, जनुक मात्र १५ लाखांहून अधिक बेसजोड्यांचं, म्हणजे डीएनएच्या अक्षरजोड्यांचं! एवढ्या लांब पट्ट्याची नक्कल आधीच उशिरा उरकते. त्यात ताण आला की ती अर्धवट राहते आणि पेशी तशीच विभाजनाला लागते. फुप्फुसाच्या कर्करोगात या जनुकाचे तुकडे अनेकदा गळालेले आढळतात, ते उगीच नव्हे.

म्हणून मी 'भंगप्रवण स्थान' सुचवेन. अपघातप्रवण वळणावर रोज अपघात होत नाहीत, पण झाला तर तिथे होण्याची शक्यता जास्त. 'प्रवण'मध्ये हा अर्थ नेमका आहे.

'फ्रॅजाइल एक्स सिंड्रोम' या आनुवंशिक विकाराच्या रूढ नावाला मात्र हात लावू नये. तिथलं जनुक एफएमआर१, आणि ते स्थान प्रत्येकात नसतं : सीजीजी या त्रिअक्षरी तुकड्याची पुनरावृत्ती २००च्या वर गेली की ते उमटतं आणि जनुक मुकं होतं.

लेखात पहिल्या उल्लेखाला 'भंगप्रवण स्थानावरचं हिस्टिडीन-त्रिक जनुक, म्हणजे एफएचआयटी' असं लिहा. पुढे नुसतं एफएचआयटी पुरेल.