एलियन आक्रमणाचे जुने जपानी चित्रपट बघायचे आहेत, सुरुवात कुठून करू?

थेट 'द मिस्टेरियन्स'पासून. १९५७ सालचा, तोहो स्टुडिओचा, रंगीत. दिग्दर्शक इशिरो होंडा, स्पेशल इफेक्ट्स एइजी त्सुबुराया, संगीत अकिरा इफुकुबे. म्हणजे 'गॉडझिला'वालीच मंडळी.

यातले परग्रहवासी नुसती नासधूस करत नाहीत, मागण्याही मांडतात. आधी फक्त ३ किलोमीटर त्रिज्येची जमीन मागतात, मग म्हणतात की इथल्या मुलींशी लग्नं करू द्या. आधी ओसरी, मग माजघर! कारणही सांगतात: अणुयुद्धात त्यांचा ग्रह नष्ट झाला आणि स्ट्राँशियम-९० या किरणोत्सारी पदार्थामुळे पुढच्या पिढ्या बिघडल्या. हे संवाद तेव्हाच्या जपानी प्रेक्षकाला नुसते कल्पनेतले वाटले नसणार. १९५४ मध्ये बिकिनीजवळच्या अमेरिकन हायड्रोजन बॉम्ब चाचणीची राख जपानी मच्छीमार बोटीवर पडली होती, त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती.

डोंगर फोडून बाहेर येणारा मोगेरा नावाचा रोबो मात्र आज बघताना हसू येतं. आत माणूस आहे हे चालीवरूनच कळतं. पण त्याच्यासाठी उभारलेली छोटी घरं आणि पूल काय बारकाईने केलेत!

तो आवडला तर १९५९ चा 'बॅटल इन आउटर स्पेस' बघा, तीच टीम. १९५६ चा 'वॉर्निंग फ्रॉम स्पेस' दाइएई कंपनीचा. त्यातले एलियन तारामाशासारखे, पोटावर एकच डोळा, आणि ते हल्ला करायला नव्हे, सावध करायला येतात. वेग जरा संथ आहे, चहा घेऊन बसा.

शक्यतो जपानी आवाज आणि सबटायटल्स निवडा. इंग्रजी डबिंगमध्ये मजा जाते.